पहिली मस्टँग घेताना

पहिलीच क्लासिक अमेरिकन गाडी घेतोयस, तर 1965-66ची फोर्ड मस्टँग बघ. जवळजवळ प्रत्येक पार्ट आजही नवा बनून मिळतो, आणि लांब बॉनेट, आखूड मागचा भाग ही ठेवण मला अजूनही सगळ्यात देखणी वाटते.

रंगाला भुलू नकोस. गंज शोध. विंडशील्डखालच्या जाळीत पानं साचतात, पाणी तुंबतं आणि आतला पत्रा कुजतो. बाहेरून काहीच दिसत नाही. मालकाला विचारून जाळीत बाटलीभर पाणी ओत, मग पुढच्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागी, कार्पेटखाली हात घालून बघ. ओल लागली तर मोठं वेल्डिंग आलंच. भाव त्या हिशोबाने कर, नाहीतर दुसरी गाडी बघ.

व्हीआयएनमधलं, म्हणजे गाडीवर कोरलेल्या ओळख क्रमांकातलं, पाचव्या जागेवरचं अक्षर इंजिन सांगतं: टी म्हणजे सहा सिलिंडर, सी किंवा ए म्हणजे 289 क्युबिक इंचांचं व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं. चाकाला चारच नट असतील, तर ती मुळात सहा सिलिंडरचीच. त्यात कमीपणा नाही, फक्त व्ही-8चे पैसे मोजू नकोस.

या गाड्यांत ब्रेकची हायड्रॉलिक लाइन, म्हणजे ब्रेक ऑइलची वाट, एकच असते, गळली की चारही चाकांचे ब्रेक जातात. 1967पासून कंपनीने दुहेरी मास्टर सिलिंडर दिला, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ब्रेकना वेगवेगळी लाइन. तसा आधी बसवून घे, क्रोम नंतर चमकव.