नोकरी सोडून पुण्यात नुसत्या तबल्यावर घर चालेल का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की वय २५, हिंजवडीत आयटीत नोकरी, तबल्यात विशारद झालंय, शनिवार-रविवार साथीचे कार्यक्रम मिळतात, तर आता राजीनामा देऊन पूर्णवेळ फ्रीलान्स करावं का आणि लोकांकडे पैसे मागायचे कसे. मी पुण्यात हेच काम करते, तबलाच, आणि बरीच वर्षं करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतेय.

घर चालतं. पण ते स्टेजच्या मानधनावर चालेल असं धरून चालू नकोस. महिन्याचं वाणसामान येतं ते कथकच्या क्लासमधून, शिकवण्यांमधून आणि परीक्षांच्या हंगामातून, कार्यक्रमाचे पैसे त्याच्या वरचे. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात बसून आपल्याला वाटतं की हे जग केवढं मोठं आहे, आणि आहेच ते मोठं, १९५३ साली भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव आजही भरगच्च होतो, पण तिथे वर्षातून काही मोजकेच तबलजी बसतात आणि पुण्यात तबला वाजवणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे हिशोब त्या स्टेजवरून मांडायचा नाही.

हिशोब मांडायचा तो पंचांग समोर ठेवून, हे मी अगदी मनापासून सांगते. श्रावण लागला की फोन सुरू होतात, मग गणपतीचे दहा दिवस सोसायट्यांचे आणि मंडळांचे कार्यक्रम, एका संध्याकाळी दोन-दोन ठिकाणी विचारणा होते. अनंत चतुर्दशी झाली की लगेच पितृपक्ष, पंधरवडाभर फोन वाजत नाही, नवीन माणूस इथेच घाबरतो की आपलं काही चुकलं का. काही चुकलेलं नसतं, त्या दिवसांत कोणी कार्यक्रमच ठेवत नाही. पुढे नवरात्र, कोजागिरी आणि दिवाळी पहाट. दिवाळी पहाटेची गंमत अशी की सगळ्यांना त्याच तीन-चार पहाटा हव्या असतात आणि तू एका पहाटे एकाच ठिकाणी बसू शकतोस, म्हणून ती तारीख कोणाला द्यायची ते गणपतीच्या आधीच ठरवून मोकळं व्हायचं. मग थंडीभर बरं चालतं, गॅदरिंग, लग्नातले संगीत, महोत्सव, पाडवा पहाट, आणि एप्रिल संपता संपता सगळं ओसरतं. मे-जूनमध्ये अर्धं पुणं गावाला किंवा फिरायला, मग पाऊस, मध्ये आषाढीचे अभंगाचे कार्यक्रम तेवढे. म्हणजे दरवर्षी साधारण दोन-अडीच महिने कार्यक्रम नाहीत हे आधीच माहीत असतं, आणि ईएमआयला पितृपक्ष नसतो.

हा खड्डा कथक भरून काढतं. पुण्यात कथकचे क्लास इतके का आहेत याचं मोठं श्रेय रोहिणीताई भाटे यांचं, १९४७ ला त्यांनी नृत्यभारती सुरू केली, त्यांच्या शिष्या, मग शिष्यांच्या शिष्या, असं करत आज कोथरूड, सहकारनगर, औंध, सिंहगड रोड, कुठेही जा, संध्याकाळी घुंगरांचा आवाज येतो. या क्लासेसना आठवड्यातून एक-दोनदा तरी प्रत्यक्ष तबला हवा असतो, लेहऱ्याचं, म्हणजे ताल धरून फिरत राहणाऱ्या धुनेचं, ॲप कितीही चांगलं असलं तरी मुलींना थांबणारा, बघणारा, सम (तालाची पहिली मात्रा) चुकली तर सावरून घेणारा माणूस लागतो. तासावर पैसे ठरतात, आठवड्याचे वार ठरलेले असतात, महिन्याच्या महिन्याला रक्कम येते. शिवाय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर, म्हणजे नेमका कार्यक्रम ओसरतात तेव्हा पहिला हंगाम. परीक्षेच्या दिवशी सकाळी बसलास की प्रारंभिकपासून वरच्या परीक्षांपर्यंत मुलींची रांग, प्रत्येकीची लय वेगळी, कोणी घाबरून ततकार (पायाचे मूळ बोल) दुगुनीत जाताना पळते, कोणी तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा, अर्ध्यात सोडते, आणि तुला मान वर करून तिच्या पायाकडे आणि चेहऱ्याकडे बघत ठेका धरून ठेवायचा असतो. दमतो माणूस. पण तिथल्या गुरू आणि परीक्षक तुला ऐकत असतात, आणि पुढचं काम तिथूनच मिळतं.

फक्त एक आहे, विशारद झालास म्हणजे कथकची साथ येते असं नाही. सोलोच्या कायदे-रेले या रचना हातात असणं वेगळं आणि पढंत, म्हणजे तोंडाने म्हटलेले बोल, ऐकून तोच तुकडा दुसऱ्या क्षणी तबल्यावर आणणं वेगळं. एखाद्या ताईंना विचारून काही महिने क्लासमध्ये नुसता बस, बोल लिहून घे, पढंत कर. नोकरी चालू असताना शनिवारी सकाळी हे सहज जमेल.

आता पैसे मागायचे कसे. तालमीला बसायच्या आधी आकडा बोलायचा. फोनवर तारीख विचारली की आपण लगेच हो म्हणतो, कारण आनंद झालेला असतो, आणि पैशाचं नंतर बघू असं होतं, मग कार्यक्रमानंतर पाकिटात काय निघेल ते. तसं करू नको. तारीख मोकळी आहे हे सांग आणि त्याच वाक्यात विचार, ताई तालमी किती, साउंड चेक कितीला, येण्याजाण्याचं कसं, आणि मानधन काय धरलंय. कोणीही रागावत नाही, खरंच नाही, ज्यांना नियमित कार्यक्रम करायचे असतात त्यांना हे प्रश्न आवडतात.

समजा पाच हजार म्हणाले. ऐकायला बरे वाटतात. आता बघ, दोन तालमी तीन-तीन तासांच्या, एक सिंहगड रोडला, एक बाणेरला. कार्यक्रम साडेपाचला पण साउंड चेक तीनला, म्हणजे तू दोनला घरातून निघणार, आवरून घरी यायला दहा. झाले चौदा तास, तालमींच्या प्रवासाचे वेगळे. दोन तबले आणि डग्गा घेऊन बाईक नाही जमत, म्हणजे रिक्षा किंवा कॅब, तालमी धरून सहा फेऱ्या, त्यात हजार-बाराशे सहज जातात. वर पुडीची, म्हणजे तबल्यावरच्या चामड्याची, झीज, ती वर्षातून बदलावी लागतेच. म्हणजे तासाला अडीचशेच्या आसपास पडले. आता त्या गायिकेबरोबर तुला वाजवायचंच आहे, शिकायला मिळणार आहे, तर अडीचशेलाही जा, आनंदाने जा, मी आजही जाते. पण हा आकडा माहीत असताना जा. आणि ओळखीतून फुकट वाजवायची विचारणा आली तर कोणाकडे हो म्हणायचं हे तू ठरव, गुरूंच्या घरचा कार्यक्रम आणि अनोळखी इव्हेंटवाल्याचं ‘एक्स्पोजर’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बोलणं झालं की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून टाक. तारीख, वेळ, ठिकाण, तालमी, मानधन, प्रवासखर्च, अर्धे ॲडव्हान्स, उरलेले कार्यक्रमाच्या दिवशी, आणि कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला तर ॲडव्हान्स परत नाही. समोरून ‘ओके’ आलं की पुरे.

वैयक्तिक कार्यक्रमांचे पैसे सहसा वेळेत येतात, त्रास होतो तो कंपन्यांच्या ॲन्युअल डे सारख्या कामांत. माझे एकदा गणपतीतले पैसे एका कंपनीकडून पुढच्या वर्षीची संक्रांत आली तेव्हा मिळाले, मध्ये व्हेंडर फॉर्म, मग सहीवाला माणूस रजेवर, मग फायनान्सचा नवा मेल. त्यानंतर एका सीए मैत्रिणीने सांगितलेलं तुलाही सांगते. उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करता येते, आधार-पॅनवर होते आणि फुकट आहे, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नको. ती असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज. शिवाय २०२३-२४ पासून इन्कम टॅक्समध्ये असं झालंय की हे पैसे मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी दाखवता येतो, आधी नाही, म्हणून इनव्हॉइसवर उद्यम नंबर दिसला की अकाउंट्सवाले जरा हलतात. मात्र नोंदणी काम करायच्या आधीची हवी.

टॅक्सचं घाईत सांगते. कंपनी वर्षाला ५० हजारांच्या वर देत असेल तर १० टक्के टीडीएस कापते, रिटर्न भरलं की देणं निघेल त्यात तो वळता होतो, जास्तीचा परत येतो. जीएसटीची नोंदणी उलाढाल २० लाखांवर गेली की लागते, आणि शास्त्रीय किंवा लोककलेच्या एका सादरीकरणाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटीच नाही. रोख मिळालेलंही वहीत लिही. पुढे घरासाठी लोन घ्यायला गेलास की बँक मागच्या दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते, आणि वहीत नसलेलं उत्पन्न तिच्या लेखी उत्पन्नच नसतं.

स्टुडिओत वाजवायला बोलावलं तर सही करायचा कागद आधी वाच. तू स्वतः रचलेलं काही देत असशील, एखादी ताल-रचना, जिंगलची चाल, तर आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि तुझ्या सहीनेच द्यावे लागतात, तोंडी नाही. आणि कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून ‘कायमचे, जगभर, सर्व माध्यमांत’ असं छापलेलं दिसलं की तिथे थांबायचं आणि त्याचे पैसे वेगळे बोलायचे. यूट्यूबच्या खाली नाव हवं असेल तर तेही आधीच सांगायचं, नंतर कोणी बदलत बसत नाही.

मग राजीनामा कधी? माझं मत, कथकचे दोन ठरलेले क्लास आणि सात-आठ विद्यार्थी हातात आले, आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला, की दे, त्याआधी नको. आई-बाबांशी बोलतानाही हेच समोर ठेव, महिन्याला इतके क्लासचे, इतके शिकवण्यांचे, मे-जूनसाठी इतके बाजूला. स्वप्न समजावण्यापेक्षा त्यांना हे लवकर कळतं. शिकवण्यांत काही कमीपणा वाटत असेल तर तो काढून टाक, लहान मुलाला ‘धा’ काढायला शिकवताना आपला स्वतःचा ‘धा’ सुधारतो हे मी रोज बघते.

आणि पगार चालू आहे तोवर दोन खर्च उरकून घे. कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर संपतो, म्हणून स्वतःचा वेगळा आत्ताच काढ, मनगट किंवा पाठ धरली की आपला धंदा तिथेच बसतो. दुसरा खर्च वाद्याचा. तुझ्याकडे बहुतेक काळी एकचा (पेटीच्या पट्टीवरून मोजलेला सूर) लहान तोंडाचा तबला असेल, तो पुरुष गायकांना चालतो, पण गायिका काळी चार किंवा पाचात गाणार आणि तो तेवढा खाली उतरत नाही, ओढूनताणून उतरवला तर आस, म्हणजे घुमत राहणारा नाद, जाते. मोठ्या तोंडाचा एक चांगला तबला घेऊन ठेव, पावसाळ्यात तो आणखी उतरतो आणि एसी हॉलमध्ये चढतो, तेव्हा घरी सगळ्या हवेत वाजवून त्याची सवय कर, कारण तुला पहिली काही वर्षं निम्म्याहून जास्त बोलावणी गायिकांकडूनच येणार आहेत.