दोन्ही बाजू शिकवण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. जीवशास्त्र शिकवायला उभं राहण्याआधीच हा प्रश्न तुला पडला हे बरं झालं. वर्गात एकदम समोर आला असता तर गडबडली असतीस. तू लिहितेस की अमेरिकेत उत्क्रांतीच्या जोडीला 'इंटेलिजंट डिझाइन'ही, म्हणजे सजीवांची रचना कुणा बुद्धिमान रचनाकाराने केली हे मतही, शिकवा अशी मागणी होते आणि तुला त्यात फारसं वावगं दिसत नाही. दोन्ही बाजू मांडाव्यात, मुलांचं मुलांनी ठरवावं, यात बिघडलं काय? ऐकायला हे इतकं रास्त वाटतं की विरोध करणाराच हेकेखोर ठरतो. मागणी करणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक आहे. म्हणून न्याय-अन्यायाचा घोळ जरा बाजूला ठेव आणि ही दुसरी बाजू वर्गाच्या दारापर्यंत कुठल्या वाटेने आली ते आधी बघ.

सुरुवात जुनी आहे. 1925 मध्ये टेनेसी राज्यातल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला चालला आणि त्याला 100 डॉलर दंड झाला. तो निकाल पुढे तांत्रिक कारणावरून रद्द झाला, पण उत्क्रांती शिकवायला बंदी घालणारा तिथला कायदा 1967 पर्यंत टिकला. 1968 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनाबाह्य ठरवली. बंदी घालता येत नाही म्हटल्यावर मागणी बदलली: उत्क्रांती शिकवा, पण मग 'सृष्टिनिर्मितीचं विज्ञान'ही तेवढंच शिकवा. लुइझियाना राज्याने तसा कायदाच केला. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला, कारण त्यामागचा हेतू धार्मिक होता आणि सरकारी शाळेत त्याला जागा नाही.

यापुढचा भाग मात्र बारकाईने वाच. 'ऑफ पांडाज अँड पीपल' नावाचं एक शालेय पुस्तक 1989 मध्ये निघालं. त्याचे जुने कच्चे मसुदे पुढे कोर्टात आले, आणि बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेने साक्षीत ते एकमेकांशेजारी ठेवून दाखवले. 1987 च्या निकालाआधीच्या मसुद्यात निर्मितीची व्याख्या अशी होती की सजीवांची वेगवेगळी रूपं एका बुद्धिमान निर्मात्याकडून एकाएकी अवतरली. मासे पर आणि खवल्यांसह, पक्षी पिसं, चोच आणि पंखांसह. निकालानंतरच्या मसुद्यात हेच वाक्य जवळपास जसंच्या तसं आहे, फक्त 'निर्मिती'च्या जागी 'इंटेलिजंट डिझाइन' आलं. एका ठिकाणी तर ही बदलाबदल अर्धवट राहिली. 'क्रिएशनिस्ट्स' (निर्मितीवादी) खोडून 'डिझाइन प्रपोनंट्स' (डिझाइनचे पुरस्कर्ते) घालताना जुन्या शब्दाचं डोकं आणि शेपूट तसंच राहून गेलं आणि मसुद्यात उमटलं 'सीडिझाइन प्रपोनंट्सिस्ट्स'. उत्क्रांतीतला मधला दुवा कुठे आहे असं सारखं विचारणाऱ्यांच्याच कागदपत्रांत असा देखणा मधला दुवा सापडावा, याचं मला अजूनही हसू येतं.

हे सगळं बाहेर आलं ते पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर या गावामुळे. ऑक्टोबर 2004 मध्ये तिथल्या शाळा मंडळाने ठरवलं की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचायचं: डार्विनचा सिद्धान्त म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, त्यात त्रुटी आहेत, इंटेलिजंट डिझाइन हे वेगळं स्पष्टीकरण आहे, आणि ज्यांना हवं त्यांच्यासाठी ते पांडांचं पुस्तक शाळेत ठेवलं आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी निवेदन वाचायला साफ नकार दिला. आपल्या विषयाचं जाणूनबुजून चुकीचं चित्र मुलांपुढे उभं करायचं नाही, या व्यावसायिक आचारसंहितेचा त्यांनी आधार घेतला. मग जानेवारी 2005 मध्ये शाळेचे अधिकारी स्वतः वर्गात आले, निवेदन वाचलं आणि निघून गेले. त्यावर चर्चा होणार नाही, शिक्षक प्रश्नांना उत्तरं देणार नाहीत, हेही सांगून गेले. मोकळ्या मनाने विचार करा म्हणायचं आणि प्रश्न विचारू द्यायचा नाही! दोन्ही बाजू मांडण्याचा हा प्रकार मला तरी कळलेला नाही.

अकरा पालक कोर्टात गेले. निकाल डिसेंबर 2005 मध्ये लागला, 139 पानांचा. न्यायमूर्ती जॉन जोन्स यांची नेमणूक रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केलेली, म्हणजे त्यांना धर्मद्रोही उदारमतवादी म्हणून हिणवायचीही सोय नव्हती. त्यांनी लिहिलं की इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही आणि ते आपल्या धार्मिक मुळांपासून वेगळं काढता येत नाही. निकाल लागायच्या आधीच गावाच्या मतदारांनी निवडणुकीला उभ्या असलेल्या जुन्या मंडळवाल्यांना घरी बसवलं होतं, त्यामुळे अपीलही झालं नाही.

पण वर्गात कुणी विचारलं तर "कोर्टाने सांगितलंय" हे उत्तर देऊ नकोस. कोर्टाने शाळेचा प्रश्न सोडवला. निसर्गात काय घडलं हे न्यायाधीश ठरवत नाही, आणि उद्या एखाद्या कोर्टाने उलटा निकाल दिला म्हणून काही मासे पाण्यातून जमिनीवर आले नव्हते असं होणार नाही.

मग ठरतं कसं? जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिसची गोष्ट तुला ठाऊक असेल. आपल्या पेशींमधल्या तंतुकणिका आणि वनस्पतींमधली हरितलवकं एकेकाळी स्वतंत्र जीवाणू होती, दुसऱ्या पेशींत शिरून तिथेच नांदायला लागली, असं तिचं म्हणणं. तेव्हा ते विचित्रच वाटत होतं. तिचा लेख एकामागून एक नियतकालिकांनी परत पाठवला, अखेर 1967 मध्ये तो छापून आला. त्यानंतरही बरीच वर्षं टिंगल झाली. तिने काय केलं असेल? शाळा मंडळाची निवडणूक लढवली नाही, की माझी बाजूही नववीच्या मुलांना शिकवा अशी मागणी केली नाही. ती पुरावे गोळा करत राहिली, भांडत राहिली. तंतुकणिकांचा आणि हरितलवकांचा डीएनए वाचता यायला लागला तेव्हा तो जीवाणूंच्या डीएनएशी नातं सांगणारा निघाला आणि विरोधकांची तोंडं बंद झाली. आज तू तो भाग पाठ्यपुस्तकातून शिकवणार आहेस. शाळेचं पुस्तक हा त्या वाटेवरचा शेवटचा मुक्काम असतो. इंटेलिजंट डिझाइनवाल्यांना मधली सगळी वाट टाळून थेट तिथे उतरायचं आहे. माझी हरकत आहे ती याला. त्यांच्या श्रद्धेला नाही.

आता मूळ मुद्दा, म्हणजे पुरावा. एकच उदाहरण घेतो पण पुरतं घेतो, कारण दहा उदाहरणं वरवर सांगण्यापेक्षा एक नीट समजलेलं वर्गात जास्त उपयोगी पडतं. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान या सगळ्यांच्या पेशीत गुणसूत्रांच्या 24 जोड्या असतात. माणसात 23. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? अख्खं गुणसूत्र हरवलं तर त्यावरची शेकडो जनुकं जातील आणि जीव तगणार नाही. म्हणजे दोन गुणसूत्रं जोडली जाऊन एक झालं असलं पाहिजे. आता यावरून काय दिसायला हवं ते आधीच सांगता येतं. गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टेलोमिअर असतात, तिथे डीएनएच्या सहा अक्षरांचा एकच तुकडा पुन्हापुन्हा येतो. टोकाला टोक जोडलं गेलं असेल तर ही टोकाची खूण माणसाच्या एखाद्या गुणसूत्राच्या आतल्या भागात, जिथे तिचं काहीच काम नाही अशा जागी, सापडली पाहिजे. शिवाय प्रत्येक गुणसूत्राला एक सेंट्रोमिअर असतो (पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढलं जातं ती जागा), म्हणजे या जोडलेल्या गुणसूत्रात दुसऱ्या, निकामी झालेल्या सेंट्रोमिअरचे अवशेषही हवेत. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात हे दोन्ही सापडलं. जोडाची नेमकी जागा 1991 मध्ये दाखवली गेली. तिथे ती सहा अक्षरं एका बाजूने सरळ आणि दुसऱ्या बाजूने उलटी येतात, तोंडाला तोंड लावल्यासारखी. आणि जोडाच्या दोन्ही अंगांची जनुकं चिंपांझीच्या दोन वेगळ्या गुणसूत्रांशी ओळीने जुळतात.

डोव्हरच्या खटल्यात केनेथ मिलर या जीवशास्त्रज्ञाने हेच उदाहरण दिलं होतं. ही गुणसूत्रं जोडलेली सापडली नसती, तर समान पूर्वजाची कल्पना अडचणीत आली असती. आता इंटेलिजंट डिझाइनला हाच प्रश्न विचार. खूण सापडली? रचनाकाराने तशी रचना केली. नसती सापडली? रचनाकाराने तशी केली नाही. काय सापडलं तर तुमचं म्हणणं चुकेल, याचं उत्तर ज्याच्याकडे नाही त्याच्याशी प्रयोगशाळेत करायचं काय?

त्यांचा सर्वांत गाजलेला युक्तिवादही तुला यायला हवा, आणि तो टवाळी न करता सांगता यायला हवा. मायकल बीही हे जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणतात की काही यंत्रणा इतक्या गुंतागुंतीच्या असतात की एक भाग काढला तर सगळंच बंद पडतं. अशी यंत्रणा टप्प्याटप्प्याने घडणार कशी? त्यांचं लाडकं उदाहरण म्हणजे जीवाणूची कशाभिका, त्याला पोहायला लावणारी फिरती शेपटी. प्रश्न चांगला आहे. पण त्याला उत्तर आहे. भाग काढल्यावर पोहणं बंद होईल, भागांना दुसरं काही कामच उरणार नाही असं नाही. कशाभिकेच्या बुडातल्या प्रथिनांशी नातं सांगणारी प्रथिनं काही रोगजंतूंमध्ये चक्क विष टोचणाऱ्या पिचकारीचं काम करतात. रक्त गोठण्याच्या साखळीचंही उदाहरण ते देतात. तिच्यातला बारावा घटक डॉल्फिनमध्ये नसतोच, तरी डॉल्फिनचं रक्त व्यवस्थित गोठतं. रोगप्रतिकारक यंत्रणेच्या उत्क्रांतीबद्दल विज्ञानाकडे उत्तरं नाहीत, असंही त्यांनी लिहिलं होतं. उलटतपासणीत वकिलाने त्यांच्यापुढे या विषयावरचे 58 शोधनिबंध आणि वर पुस्तकांचा ढीग रचला. एवढं पुरेसं नाही, असं त्यांचं उत्तर आलं. शास्त्र म्हणजे काय याची त्यांची व्याख्या लावली तर फलज्योतिषही त्यात बसेल का, या प्रश्नावरही त्यांना हो म्हणावं लागलं.

डोळ्याचा प्रश्न तर तुला येणारच. अर्धा डोळा काय कामाचा? चिडू नकोस, डार्विननेही तो स्वतःला विचारला होता. अर्धे डोळे आज जिवंत आहेत. चपट्या कृमीला खोलगट वाटीसारखा डोळा असतो, उजेड कुठून येतो एवढं त्यावरून कळतं आणि त्याचं भागतं. नॉटिलसच्या डोळ्याला भिंगच नाही, नुसतं भोक. त्याला अंधूक दिसतं, पण दिसतं. वर्गात फळ्यावर तीन डोळे शेजारी शेजारी काढ: वाटी, भोक, भिंग. बोलायचं काम निम्म्याहून कमी होईल.

"उत्क्रांतीची बलस्थानं आणि उणिवा दोन्ही शिकवा" अशी नवी भाषाही तुझ्या वाचनात येईल; डोव्हरनंतर लुइझियानाने 2008 मध्ये आणि टेनेसीने 2012 मध्ये अशा वळणाचे कायदे केले. तू म्हणशील, उणिवा शिकवायला कोण नाही म्हणतंय? बरोबर. पण खऱ्याखुऱ्या शिकव. मोतू किमुरा या जपानी जनुकशास्त्रज्ञाने 1968 मध्ये म्हटलं की रेणूंच्या पातळीवरचे बरेचसे बदल नैसर्गिक निवडीने नव्हे तर निव्वळ योगायोगाने टिकतात, त्यावर केवढं रण पेटलं होतं. पहिली पेशी नेमकी कशी घडली हे अजून उलगडलेलं नाही, ते तसंच सांग; फक्त सांगताना हेही सांग की तो प्रश्न वेगळा, आणि सजीव निर्माण झाल्यावर त्यांच्यात बदल कसे झाले हा वेगळा. वरच्या कायद्यांना या उणिवा नको असतात. त्यांना फक्त फट हवी असते.

आणि एक. उत्क्रांती शिकवता शिकवता देव नाही हे सिद्ध करायला जाऊ नकोस. काही विद्वानांना तो मोह आवरत नाही, आणि ते नेमके समोरच्याच्या हातात कोलीत देतात. मिलर कॅथलिक आहेत. उत्क्रांतीच्या प्रकाशाखेरीज जीवशास्त्रातल्या कशालाच अर्थ लागत नाही असं 1973 मध्ये लिहिणारे जनुकशास्त्रज्ञ डोबझान्स्की सश्रद्ध ख्रिस्ती होते. तुझ्या वर्गातल्या मुलीने घरची श्रद्धा आणि तुझा तास यांतून एकाची निवड करावी अशी वेळ तू आणलीस, तर ती घराची निवड करेल आणि तिचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. तिला एवढंच सांग की या तासाला आपण पुरावा वाचायला शिकतोय. कुणी उत्तरपत्रिकेत 'मला हे पटत नाही' असं लिहून त्याखाली गुणसूत्रांच्या जोडाचा पुरावा बिनचूक मांडला, तर पूर्ण गुण दे. आणि 'मला पटतं' लिहून पुढे काहीच मांडलं नसेल तर शून्य.

धडा घेऊन झाला की मुलांनी काय काय विचारलं ते कळव. विशेषतः जे तुला सांगता आलं नाही ते.

तुझे,
सर