‘भूलतज्ज्ञ बाहेरचे होते’ म्हणून हॉस्पिटल सुटत नाही

प्रश्न : माझ्या पतींना (वय 41, शिवणकामाचं दुकान) हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये नेलं. कमरेतलं इंजेक्शन नीट लागलं नाही म्हणून पूर्ण भूल दिली. ऑपरेशन उरकताच भूलतज्ज्ञ दुसऱ्या दवाखान्यात गेले. यांना खोलीत आणल्यावर सिस्टरने यांच्या बोटाला लावलेली ऑक्सिजन मोजायची चिमटी काढून शेजारच्या पेशंटला लावली. थोड्या वेळाने मला यांची नखं निळी दिसली, मी ओरडत बाहेर धावले. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला. आज 19 महिने झाले, ते अंथरुणावर आहेत, मुलांनाही ओळखत नाहीत. हॉस्पिटल म्हणतं, संमतीपत्रावर सही तुम्ही केलीत आणि भूलतज्ज्ञ आमचे नव्हेत. आता दोन लाख देतो म्हणतात, पण स्टॅम्प पेपरवर ‘काही तक्रार नाही’ असं लिहून मागतात. काय करू?

उत्तर : ताई, त्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत घटनेपासून दोन वर्षांची असते, म्हणजे तुमच्या हातात पाचच महिने आहेत. ‘बसून बोलू, मिटवू’ या बोलण्यांनी ती मुदत थांबत नाही. उशीर सबळ कारण असेल तर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका.

सर्वांत आधी कागद मिळवा. संपूर्ण केसपेपरची प्रत मागणारा अर्ज आजच लिहा, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. अर्ज मिळाल्यापासून 72 तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर 2002च्या वैद्यकीय आचारनियमांनी बंधनकारक आहे. पण नोंदी सांभाळण्याचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचं आहे, म्हणून आता थांबू नका. अर्जात भुलेआधीच्या तपासणीचा कागद आणि भुलेचा तक्ता नाव घेऊन मागा. या तक्त्यात दर पाच मिनिटांनी नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन लिहिलेला असायला हवा. रुग्णाला टेबलावरून किती वाजता हलवलं, तेव्हा तो शुद्धीवर होता का, नीट श्वास घेत होता का आणि कुणाच्या ताब्यात दिला, हेही तिथेच सापडतं. शेवटचा टाका पडला की भूलतज्ज्ञाची जबाबदारी संपत नाही. पूर्ण भुलेनंतर औषधाचा अंमल काही काळ राहतो, श्वास उथळ होऊ शकतो, म्हणून तर ती चिमटी बोटाला असते. तुमची केस मला सगळ्यात बळकट दिसते ती इथे.

सहीला घाबरू नका. संमतीपत्रावरची सही म्हणजे ऑपरेशनला आणि त्यातल्या अटळ धोक्यांना होकार. निष्काळजीपणाला कुणी संमती देत नसतं. शिवाय तुमचे पती त्या सकाळी पूर्ण शुद्धीत होते, मग सही त्यांची का नाही घेतली? समीरा कोहली खटल्यात (2008) रुग्ण स्त्री भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ती संमती मानली नाही. सज्ञान, सक्षम रुग्णाचा होकार त्याचा त्यानेच द्यायचा असतो, तोही नीट समजावून सांगितल्यावर.

भूलतज्ज्ञ बाहेरचे, हेही टिकणारं नाही. तुम्ही त्यांना शोधून आणलं नव्हतं, हॉस्पिटलने बोलावलं होतं. सविता गर्ग खटल्यात (2004) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की रुग्ण हॉस्पिटलकडे येतो, आणि तिथे निष्काळजीपणा झाला नाही हे हॉस्पिटलने दाखवायचं. तरीही सर्जन, भूलतज्ज्ञ आणि हॉस्पिटल तिघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा. डॉक्टरांचा व्यावसायिक विमा असेल, तर विमा कंपनीलाही. लहान गावांत एकच भूलतज्ज्ञ सकाळभर तीन-चार दवाखाने धावत करतो, हे मी बघते आहे आणि त्याची ओढाताण मला कळते. पण त्याच्यामागे रुग्णाजवळ प्रशिक्षित माणूस आणि चालू मॉनिटर ठेवणं हॉस्पिटलचंच काम होतं.

तक्रार जिल्हा आयोगात होईल, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. जिल्हा की त्यावरचा आयोग, हे ठरतं तुम्ही भरलेल्या बिलावरून, मागितलेल्या भरपाईवरून नव्हे. बिल पाच लाखांच्या आत असेल, तर फी शून्य. भरपाईत त्यांचं बुडालेलं उत्पन्न, आजवरची आणि पुढची शुश्रूषा, फिजिओथेरपी, सगळं धरा. स्प्रिंग मेडोज प्रकरणात (1998) चुकीच्या इंजेक्शनने मेंदूला इजा झालेल्या लहान मुलाला आणि त्याच्या आईवडिलांनाही वेगळी भरपाई मिळाली होती. म्हणून तुमची स्वतःची मागणीही त्यात घाला.

पोलिसांत जायचं का? जेकब मॅथ्यू निकालानंतर (2005) डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो, आणि आधी दुसऱ्या सक्षम डॉक्टरचं मत लागतं. तो रस्ता लांबचा आहे. तुमच्या घराला आज पैशाची गरज आहे, म्हणून आधी ग्राहक आयोग. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे वेगळी तक्रार करता येईल.

एक स्पष्ट सांगते. भुलेत कुणाचीही चूक नसताना गुंतागुंत होऊ शकते, आणि समोरचे वकील तेच मांडतील. म्हणून कागद हाती आले की या नर्सिंग होमशी संबंध नसलेल्या एखाद्या अनुभवी भूलतज्ज्ञाकडून ते वाचून लेखी मत घ्या. नंतर ज्या आयसीयूत हलवलं असेल, तिथली दाखल करतानाची नोंदही काढा. रुग्ण कोणत्या अवस्थेत आला आणि काय झालं असं सांगितलं, ते त्यात असतं.

आणि आज रात्रीच वहीत लिहून काढा : खोलीत किती वाजता आणलं, चिमटी कुणी काढली, कुणाला लावली, सिस्टर किती वेळाने आली. नखं निळी दिसल्यावर कुणाला फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप केला असेल, तर त्या मेसेजवरची वेळ हा पुरावा आहे. स्क्रीनशॉट घ्या, पण तो मोबाईलही विकू नका आणि रीसेट करू नका.