पानांचे गुणधर्म आणि जागेची परिस्थिती माहीत असेल, तर तिथे कोणत्या वनस्पती एकत्र वाढतील हे सांगता येते का?

कोणत्या प्रकारच्या वनस्पती असतील याचा बराचसा अंदाज बांधता येतो. नेमक्या कोणत्या जाती, हे सांगता येत नाही. मात्र प्रश्नाखाली तुम्ही लिहिले आहे की कोरड्या जागी जाड पानांच्या आणि ओल्या जागी पातळ पानांच्या वनस्पती दिसतात, म्हणजे जागेनेच त्यांची निवड केली. त्यातल्या ‘म्हणजे’ला माझा ठाम विरोध आहे.

पदव्युत्तर प्रबंधासाठी मी एका उतारावर काम केले. माथ्यावर मातीचा थर जेमतेम वीतभर होता, पायथ्याशी ती खोल आणि ओलसर होती. दोन हंगाम मी पाने गोळा केली. देठ रात्रभर पाण्यात ठेवून पान ताठ होऊ द्यायचे, स्कॅन करायचे, 70 अंशांवर तीन दिवस वाळवायचे आणि क्षेत्रफळाला कोरड्या वजनाने भागायचे (आकडा जितका मोठा, तितके पान पातळ), हा रोजचा क्रम होता. माथ्यावरच्या एका झुडपाचे पान दुमडले की कट्कन मोडत असे. पायथ्याची पाने पिशवीतून खोलीवर आणेपर्यंत माना टाकत. माथ्यावर जाड, पायथ्याशी पातळ असा आलेख अगदी सुरेख आला आणि मार्गदर्शकांनी ‘परिस्थितीची चाळणी’, म्हणजे जागाच जाती गाळून निवडते, असे शीर्षक देऊन प्रकरण संपवायला सांगितले.

मला ते पटले नाही, कारण पायथ्याशी एक झाड कोसळून उघड्या पडलेल्या जागेत माथ्यावरचेच ते झुडूप जोमाने वाढलेले मी पाहिले होते. म्हणून त्याची रोपे पायथ्याशी लावली आणि निम्म्या वाफ्यांतले गवत दर पंधरवड्याला उपटत राहिलो. त्या वाफ्यांतली रोपे दुसऱ्या वर्षी गुडघ्याला लागली. बाकीची गवताच्या सावलीत पिवळी पडून गेली. ओल्या मातीने त्यांना नाकारले नव्हते, शेजाऱ्यांनी हुसकावले होते. रोपांची संख्या तोकडी आहे असे सांगून हा सगळा भाग परिशिष्टात टाकला गेला आणि ते मला आजही अन्यायाचे वाटते.

हे काही नवे नव्हते. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी 1917 मध्येच गॅलियम या छोट्या वनस्पतीच्या दोन जाती आम्ल आणि चुनखडीच्या मातीत लावून पाहिल्या होत्या. एकेकटी लावली तर प्रत्येक जात दोन्ही मातींत जगली, परक्या मातीत जरा रोडावली इतकेच. एकत्र लावल्यावर मात्र जिची माती तिची सरशी झाली. शेजारी नसतानाही जी जात तिथे टिकत नाही, तिच्याच बाबतीत ‘चाळणी’ हा शब्द वापरावा, असे परिसंस्थाशास्त्रज्ञ नॅथन क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये स्पष्ट लिहिले. केवळ पाने मोजून या दोन कारणांतला फरक कळत नाही, आणि तो न तपासता काढलेला निष्कर्ष मी अपुराच मानतो.

गुणधर्म निरुपयोगी आहेत, असे मात्र मी म्हणत नाही. 175 ठिकाणच्या 2,548 जातींवर 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पानांचा एकच मोठा सौदा दिसला होता: स्वस्तात बनणारे पातळ पान झपाट्याने कमावते आणि लवकर गळते, तर महागडे जाड पान सावकाश कमावते पण दीर्घकाळ टिकते. तुम्ही प्रत्येक जातीच्या सरासरीचे तयार आकडे वापरणार असाल, तर हेही ध्यानात घ्या की एखाद्या समूहातल्या गुणधर्मांच्या विविधतेपैकी सरासरी चौथा हिस्सा एकाच जातीच्या रोपारोपांतला असतो.

हेही सांगायला हवे की पायथ्याची रोपे मी माथ्यावर लावली, तेव्हा शेजारी काढूनही ती कोरड्या महिन्यांत वाळून गेली. तेथे चाळणी खरीच होती, म्हणजे मार्गदर्शकांचे निम्मे म्हणणे बरोबर होते. शिवाय माझा उतार एकच होता आणि तपशीलवार पाहिलेल्या जातीही मोजक्याच. तरीही तुम्ही मोजमापाला सुरुवात करणार असाल, तर शेजारच्या वनस्पती काढून टाकलेले वाफे पहिल्याच हंगामात आखा, रोपे भरपूर लावा आणि त्यांचे निष्कर्ष कोणीही सांगितले तरी परिशिष्टात जाऊ देऊ नका.