एफडी मोडून शिधा द्यावा का?

इंदूरच्या रामबागेतून एका ताईंनी विचारलं आहे: घरामागच्या वस्तीतल्या 40 कुटुंबांचा रोजगार कोरोनाच्या लॉकडाउनमुळे 25 मार्च 2020 पासून बुडाला आहे. शेजारीपाजारी मागून 28,000 रुपये जमले. आता 3 लाखांची एफडी मोडावी का? आणि 12 जणींच्या भिशीचे या महिन्याचे 36,000 शिध्याकडे वळवावेत का? यजमानांचा पीथमपूरचा कारखाना बंद आहे आणि ताईंना शाळेकडून निम्माच पगार मिळतोय.

ताई, एफडी मोडू नका. तुमचा घरखर्च 30,000 आणि घरकर्जाचा हप्ता 14,000. कारखाना कधी सुरू होईल ते आज कोणीच सांगू शकत नाही, तेव्हा 6 महिन्यांचे 2,64,000 हाताशी हवेतच. एफडी आणि बचत खात्यातले 40,000 धरून तुमच्याकडे 3,40,000 आहेत. जुलैत मुलाची फी 45,000. उरले 31,000. त्यातले 30,000 मोकळ्या मनानं द्या, पण दर पंधरवड्याला 6,000 असे जूनअखेरपर्यंत. सगळं एप्रिलमध्येच दिलंत तर मे महिन्यात तीच माणसं दारात उभी राहतील आणि तुमच्या हातात काही नसेल.

तुमची वाण्याची यादी मी दोनदा वाचली. 10 किलो कणीक 280, 5 किलो तांदूळ 180, 2 किलो तूरडाळ 190, तेल 110, बाकी साखर, मीठ, हळद-तिखट, चहा मिळून 140. म्हणजे घरटी 900, आणि 40 घरांचे पंधरवड्याला 36,000. पण तुम्हीच लिहिलंय की 25 घरांकडे रेशनकार्ड आहे. त्यांना एप्रिल ते जून नेहमीच्या कोट्यावर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळायचं आहे. ते खरंच पदरात पडलं का, हे विचारून घ्या. पडलं असेल तर त्यांच्या पिशवीतून कणीक-तांदूळ काढा. 440 मध्ये भागतं. मग सगळा खर्च 24,500 वर येतो, आणि 15 बिनकार्डाच्या घरांना पूर्ण पिशवी देता येते.

गेल्या आठवड्यात आम्ही एका बांधकामावर कणीक वाटली. एक बाई पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, “भैया, तवा कहाँ है?” मुकादम निघून गेला होता, त्याच्याबरोबर गॅसची शेगडीही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीतल्या 10 घरांनी 20-20 पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी पाठवली. वस्तीत अशी चूल नसलेली माणसं किती, ते आधी मोजा. वाटप मात्र लॉकडाउनमध्ये बाहेर फिरायचा पास असलेल्या माणसांच्या हातूनच करा.

5 पंधरवड्यांचे 1,22,500 लागतील. जमलेले 28,000 आणि तुमचे 30,000 वजा जाता 64,500 उरतात. 26 घरांनी पंधरवड्याला 500 दिले की झालं. एकदम 2,500 मागितले तर लोक विचार करतात, 500 सहज निघतात. पैसे पगाराच्या खात्यात घेऊ नका; कमी वापरातलं दुसरं खातं ठेवा आणि प्रत्येक बिलाचा फोटो ग्रुपवर टाका. कोणाला देणगीवर आयकराच्या 80जी कलमाची सूट हवी असेल तर त्यांनी 80जी ची नोंदणी असलेल्या संस्थेला ऑनलाइन द्यावं. 2,000 च्या वर रोख दिलं तर सूट नाही, आणि शिधा विकत घेऊन दिला तरीही नाही.

रिझर्व्ह बँकेने लॉकडाउनमध्ये दिलेली सवलत घेऊन घरकर्जाचा हप्ता 3 महिने थांबवावा आणि ती रक्कम द्यावी, असंही तुमच्या मनात आहे. नको. व्याज चालूच राहतं, आणि 15 वर्षं बाकी असलेल्या कर्जावर शेवटी साधारण 8 हप्ते वाढतात. ही सवलत यजमानांचा पगार अगदीच थांबला तर वापरा. तसाच एफडीवरचा ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर मिळणारी उचल, हाही अडचणीसाठीच ठेवा.

आता भिशी. या महिन्याची ज्या वहिनींना लागली आहे, त्यांच्या घरी सध्या काय चाललंय हे तुम्हाला ठाऊक आहे का? ग्रुपवर विचारलंत तर त्या हो म्हणतील, नाही म्हणायची चोरी होईल. त्यांचे 36,000 आहे तसे त्यांच्या खात्यात जाऊ द्या. नंतर दोन-चार दिवसांनी सहज फोन करा, “घरी सगळं ठीक ना?” एवढंच विचारा.