काट्यावरचं वजन दुकानातल्या टीव्हीवर आपोआप दाखवता येईल का? (हळदीची अडत, सांगली मार्केट यार्ड)

येईल, आणि जरूर दाखवा. शेतकऱ्याला आपल्या पोत्याचं वजन लांबून दिसलंच पाहिजे.

काट्याच्या डिस्प्लेला मागे आरएस-२३२ पोर्ट (वजनाचे आकडे वायरने बाहेर पाठवायचं सॉकेट) आहे का, ते आधी बघा. असेल तर यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरने तो रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला जोडा. बॉड रेट, म्हणजे काटा आकडे पाठवतो तो वेग, मॅन्युअलमध्ये मिळेल, बऱ्याचदा ९६०० असतो. तो जुळला नाही तर वजनाऐवजी भलतीच चिन्हं येतात. पायथन भाषेतला छोटा प्रोग्रॅम (स्क्रिप्ट) वजन वाचून साध्या वेबपेजवर टाकेल आणि झिबोसारखं (Xibo) मुक्त सॉफ्टवेअर ते पेज टीव्हीवर जाहिरातींशेजारी दाखवेल. वायर १५ मीटरच्या पुढे जाणार असेल तर लांब वायरीवर चालणारा आरएस-४८५ कन्व्हर्टर घ्या. पोर्टच नसेल तर काटा उघडू नका, वैधमापनशास्त्र विभागाचं (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) सील तुटेल, काटेवाल्यालाच विचारा.

दिवसाचे भाव गुगल शीटमधून घेतले तरी चालतं. वजन मात्र इंटरनेटवरून फिरवू नका, दुकानातल्या नेटवर्कवरच ठेवा. एक गोष्ट अजिबात विसरू नका: दोन-तीन सेकंद काट्याकडून काही आलं नाही, तर स्क्रिप्टने जुना आकडा पुसून रेघा दाखवल्या पाहिजेत. नाहीतर आधीच्या शेतकऱ्याचं वजन पुढच्याच्या नावावर दिसेल.