मात्रा मोजता येतात, तरी गाण्यात सम का सापडत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे की घरी एक ते सोळा नीट मोजता येतं, पण दादरला मैफिलीला गेलात की दोन आवर्तनांत हरवता आणि शेजारचे काका मात्र बरोबर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलवतात. मी परळच्या एका भजनी मंडळात तबला वाजवतो, म्हणून वाजवणाऱ्याच्या बाजूने सांगतो. काका बहुतेक मोजत नसणार. ते डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला घुमणारा डावा, ऐकत असतात.

आधी लय आणि ताल यांचा घोळ मिटवू. लय म्हणजे वेग आणि ताल म्हणजे ठरावीक मात्रांचं (मोजायच्या ठोक्यांचं) फिरून फिरून येणारं आवर्तन. गणपतीत पहिली आरती सगळे निवांत म्हणतात, पाचवीपर्यंत झांजा सुसाट सुटलेल्या असतात (समोर मोदक दिसत असतात!). तेव्हा लय वाढलेली असते. ताल बहुधा तोच असतो. गिटारवाले फोर-फोर, थ्री-फोर म्हणतात ते साधारण तालाच्या खात्यातलं. वेग ते बीपीएममध्ये (मिनिटाला किती ठोके) वेगळा सांगतात.

आता तीनताल घ्या. 16 मात्रा, चार-चारचे चार विभाग. टाळी 1, 5 आणि 13 वर, खाली (म्हणजे टाळी न वाजवता हात नुसता बाजूला दाखवायची मात्रा) 9 वर. बोल, म्हणजे तबल्याची अक्षरं, मोठ्याने म्हणा:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

'धा' आणि 'धिं'मध्ये डग्ग्याचा घुमारा असतो, 'तिं' आणि 'ता'मध्ये नसतो. हात 9 व्या मात्रेवर खाली दाखवतो, पण तिथे बोल 'धा'च आहे. घुमारा खरा गायब होतो 10 व्या मात्रेला आणि परततो 14 व्या मात्रेला. म्हणजे डग्गा पुन्हा बोलू लागला की सम तीन मात्रांवर आली. काकांची मान तिथूनच तयारीला लागते. बारावी की तेरावी हे त्यांना विचारलंत तर कदाचित सांगताही येणार नाही.

केरव्यात हेच छोट्या मापात होतं: धा गे ना ती । न क धी न, 8 मात्रा, खाली 5 वर. दादरा 6 मात्रांचा, धा धी ना । धा ती ना. ऑफिस सुटल्यावरच्या कर्जत-कसारा लोकलमध्ये भजनवाल्यांचा डबा मिळाला तर ढोलकीच्या भरीव बाजूकडे कान लावा. टाळांकडे लक्ष देऊ नका. ते सलग वाजत राहतात, त्यातून आवर्तनाचा पत्ता लागत नाही. माझ्या मते पुस्तकापेक्षा तो डबा बरा शिकवतो, फक्त उभं राहायची तयारी हवी.

रूपक मात्र सध्या बाजूला ठेवा. 7 मात्रा, 3-2-2 असे विभाग, आणि सम हीच खाली: ती ती ना । धी ना । धी ना. डग्गा समेलाच गप्प, त्यामुळे नुकतं शिकलेलं सगळं उलटं वाटायला लागतं.

आणि तुम्ही हरवलात ते विलंबित ख्यालात, म्हणजे संथ लयीतल्या रागगायनात, असेल तर त्यात नवल नाही. अतिविलंबित एकतालात एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची असते, 12 मात्रांचं आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं. तिथे नवख्याने सम शोधत बसू नये, गाणं ऐकावं. द्रुत (जलद लयीतली) बंदिश सुरू झाली की मग डग्गा पकडा.

सरावासाठी मोबाइलवर मेट्रोनोम 60 वर लावा, म्हणजे सेकंदाला एक मात्रा. हाताने टाळी-खाली दाखवत वरचे बोल म्हणा. जमलं की मेट्रोनोम तसाच ठेवून एका मात्रेत दोन बोल बसवा, म्हणजे दुगुन. हाताचा वेग तेव्हा वाढता कामा नये. सुरुवातीला तो हमखास पळतो, म्हणून दुगुनीत बोल दोनदा म्हणून झाल्यावर हात समेवर येतो का ते बघा.